बहात्तर तासांची चाचणी

“सहाचं रीडिंग मी घेतलंय. आठपासून तुझी शिफ्ट,” मी म्हणालो आणि तक्ता कुमुदपुढे सरकवला.

कुमुद गॅसपाशी उभी होती. कुकर फुसफुसायला लागला होता. शिट्टी होणार एवढ्यात तिने उलथन्याच्या टोकाने ती अलगद कलती केली. वाफ निमूट बाहेर गेली. मग ओले हात पुसून तिने तक्त्यावर सही केली. वाचलं काहीच नाही. सही मात्र नेहमीसारखी, शाळेतल्या बाईंची असते तशी, एक वेलांटीही इकडची तिकडे नाही.

“आवाजाच्या रकान्यात काय लिहिलंत?” तिने विचारलं.

“शून्य,” मी म्हणालो. मला त्याचा खरोखर आनंद झाला होता. “पाच गावांत पहिल्यांदाच शून्य.”

“बरं,” ती म्हणाली आणि कुकर खाली उतरवला.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मस्कतच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं शिफ्ट इंजिनियर होतो. मार्चअखेर निवृत्त व्हायचं होतं आणि त्यानंतर महिन्याभरात कंपनीचं क्वार्टर रिकामं करून कायमचं परतायचं होतं. परतायचं खरं, पण कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वडील पोस्टमास्तर, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे गाव म्हणावं असं गाव मला नाही. ठाण्यात एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, पण तिथे राहायचं नाही, हे देवस्थळीची बातमी आली त्याच दिवशी मी ठरवलं होतं.

देवस्थळी आमचा मस्कतचा शेजारी. माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला. ठाण्याला गेला, सोफ्यावर बसला, टीव्ही लावला आणि अकरा महिन्यांत आटोपला. स्पष्टच सांगतो, मी घाबरलो. मरणाला तेवढं नाही, जेवढं त्या सोफ्याला घाबरलो. म्हणून मी एका वहीत निवृत्तीनंतरचा दिवस लिहून काढला. पहाटे डोंगर, मग नदीत पोहणं, दुपारी जवळच्या शाळेत मुलांना गणित, संध्याकाळी बाग. जमल्यास मधमाश्या. अशी जागा शोधायची, की जिथे बसून राहायला फुरसतच मिळणार नाही.

आणि जागा निवडायची ती आमच्या धंद्यातल्या रीतीने. नवं युनिट ताब्यात घेण्याआधी ते बहात्तर तास सलग चालवून बघतात. दर दोन तासांनी रीडिंग घ्यायचं, तक्त्यात भरायचं, शिफ्ट बदलताना सही करायची. तक्त्याच्या तळाशी दोन चौकटी असतात, शिफ्ट देणार आणि शिफ्ट घेणार. बहात्तर तासांत काही गडबड झाली नाही, तर युनिट आपलं. मी ठरवलं, प्रत्येक गावात घर मिळवून तीन दिवस राहायचं आणि असाच तक्ता भरायचा, रात्रीची रीडिंगं तेवढी वगळून. मित्रांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. कुमुद हसली नाही. ती म्हणाली, “छापून घेणार की हाताने आखू?” आणि तिनेच पट्टी घेऊन पाच गावांचे तक्ते आखले. पाणी, वीज, आवाज, डास, फोनची रेंज, हवा, तब्येत. सात रकाने.

सकाळी आठला मी हिंडायला बाहेर पडायचो, तेव्हा ‘देणार’मध्ये सही माझी, ‘घेणार’मध्ये तिची. दिवसभरातली रीडिंगं ती घ्यायची. संध्याकाळी सहाला मी परत यायचो तेव्हा ती स्वयंपाकात असायची, त्यामुळे उलट सह्यांचा सोपस्कार राहून जायचा.

चोवीस दिवसांची रजा होती. पुण्याबाहेरची एक सोसायटी आवाजावर बाद झाली. नाशिक पाण्यावर. दापोलीला वीज दिवसातून चारदा गेली. साताऱ्याचं घर बरं होतं, पण शेजारी मंगल कार्यालय. कुमुदचं माहेर मिरजेचं, वडील रेल्वेत गार्ड, घर अगदी यार्डाला लागून. मालगाडी गेली की फळीवरच्या कपबश्या वाजायच्या. मिरज मी यादीत घेतलंच नव्हतं. तिनेही विषय काढला नव्हता.

आता उरलं होतं हे आजऱ्याजवळचं घर. आम्ही दोघंही थकलो होतो. त्याच दोन बॅगा उघडायच्या, त्याच भरायच्या. एसटी, रिक्षा, भाड्याची गाडी, पुन्हा एसटी. साताऱ्याहून निघताना कुमुद बॅगेची चेन लावता लावता मध्येच थांबली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. “कंबर का?” मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली, “काही नाही.” मी तब्येतीच्या रकान्यात बघितलं. नॉर्मल लिहिलेलं होतं.

घराचे मालक बसगोंडा मास्तर, निवृत्त शिक्षक. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा बेळगावला. घर विकून ते मुलाकडे जाणार होते. सध्या रस्त्यापलीकडच्या शेतातल्या खोलीत राहत आणि घर आम्हाला तीन दिवसांसाठी मोकळं करून दिलं होतं. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, पण मास्तरांनी त्याला रविवारपर्यंत थोपवलं होतं. “तुमी परदेशातनं आलाय, तुमास्नी आधी,” ते फोनवर म्हणाले होते.

मात्र आम्ही पोचलो त्या संध्याकाळी मास्तर संकेश्वरला लग्नाला गेलेले, आणि किल्ली त्यांच्या खिशात. मग गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर एका लॉजमध्ये उतरावं लागलं. खोली रस्त्यावर. खिडकीला काच होती, पण ती लागत नव्हती. खाली गाड्यांची घोषणा, कंडक्टरांच्या शिट्ट्या, वडापच्या जीपवाल्यांच्या आरोळ्या, ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि त्यावर कुठलंतरी कन्नड गाणं. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. कुमुद आठ वाजता जी आडवी झाली, ती सकाळी सहाला मी हलवून उठवेपर्यंत उठली नाही. 

“चल, मास्तर वाट बघत असतील.”

“इतक्या लवकर?” ती म्हणाली. गालावर उशीच्या घड्या उठल्या होत्या. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

घर पाहिलं आणि माझा निम्मा थकवा उतरला. उतरतं कौलारू घर, मागे काजूची झाडं, त्यांच्यामागे डोंगर, खाली दहा मिनिटांवर नदी. विहिरीचं पाणी मी जिभेवर घोळवून पाहिलं. जन्मभर पाण्याचं काम केलेल्या माणसाला तेवढं कळतं. पाणी उत्तम होतं. शाळा अर्ध्या मैलावर, हेडमास्तर म्हणाले की गणिताला शिक्षकच नाही, उद्यापासून या. आणि शांतता अशी, की दुपारी काजूचं पान गळलेलं ऐकू येई. 

“मास्तर, घर हेच,” मी दुसऱ्या दिवशीच म्हणून टाकलं. “पण आमची चाचणी पूर्ण होऊ दे. परवा सकाळी नक्की सांगतो.”

“सावकाशीनं बगा की,” मास्तर म्हणाले. “वैनींचं काय म्हननं हाय?”

“तिचं रीडिंग सगळं नॉर्मल आहे,” मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मी आठला डोंगरावर निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली. ऊन चढायला लागलं होतं. परत फिरलो. घरी पोचलो तेव्हा दहाला पाच कमी असतील. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर बाटली होती आणि बाटलीखाली तक्ता.

दहाचं रीडिंग भरलेलं होतं. बाराचंही. दोनचं, चारचं, संध्याकाळचं सहाचंही. पाणी ठीक, वीज आहे, आवाज शून्य, तब्येत नॉर्मल. पुढे रविवार सकाळचं सहाचं, जे माझं होतं, तेही भरलेलं.

माझी कानशिलं तापली. आमच्या कामात याहून मोठा गुन्हा नाही. आकडा चुकला तर माणूस चुकला म्हणतात. आकडा आधीच लिहून ठेवला, तर त्या माणसाला पुन्हा तक्त्याला हात लावू देत नाहीत.

कुमुद मागच्या पायरीवर बसली होती. हातात काही नव्हतं. निवडायची भाजी नाही, पुस्तक नाही, स्वेटर नाही. नुसती बसली होती, डोंगराकडे तोंड करून.

“हे काय आहे?” मी विचारलं.

तिने वळून पाहिलं. “तक्ता.”

“आत्ता दहा वाजतायत. यात संध्याकाळपर्यंतचं भरलंय.”

“हो.”

“उद्याचं सहाचंसुद्धा. ते तर माझं रीडिंग.”

“तुमचं अक्षर मला जमतं,” ती म्हणाली.

मी तिच्यासमोर उभा होतो, कागद पुढे धरून. कारखान्यात कंट्रोल पॅनेलसमोर कामगाराला जाब विचारताना मी असाच उभा राहत असे. हे आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

“कुमुद, हे खोटं रीडिंग आहे.”

“खोटंच आहे.”

“साताऱ्याचं?”

“तेही. दापोलीचंही, नाशिकचंही.”

“आणि पुण्याचं?”

“पुण्याला पहिला दिवस खरा घेतला,” ती म्हणाली. “संध्याकाळी तुम्ही एकेका रकान्यावर बोट ठेवून मला विचारत बसलात. वीज किती मिनिटं गेली, मग सेकंद का नाही लिहिले. पुणं तुम्हाला नको होतं, ते मला तेव्हाच कळलं. मग दुसऱ्या दिवशी मी आवाज जास्त लिहिला. तुम्ही खूश झालात. हे घर तुम्हाला पहिल्या तासात हवंसं झालंय. म्हणून शून्य लिहिलं.”

“मग मी पाच गावं कशाला हिंडलो?”

“मीही हिंडले,” ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. भांडायला आली असती तर मला बरं पडलं असतं. मी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

“वर्गीस आठवतो?” तिने विचारलं.

वर्गीस मला चांगला आठवत होता. माझ्या शिफ्टचा ऑपरेटर, कोट्टायमचा. एकदा पहाटे चारला मी अचानक पॅनेलवर गेलो, तर तो खुर्चीत मान टाकून झोपलेला आणि तक्त्यात सकाळी आठपर्यंतचे आकडे तयार. मी रिपोर्ट केला. पंधरा दिवसांत त्याला घरी पाठवलं. दोन माणसं रजेवर असल्यामुळे तो सलग नऊ दिवस दुप्पट पाळी करत होता, हे मला माहीत होतं. पण नियम तो नियम, असं मी म्हटलं होतं.

“त्याच्या मागच्या तीन महिन्यांचे कागद तुम्ही तपासलेत,” कुमुद म्हणाली. “एकही आकडा चुकीचा निघाला नव्हता. तुम्हीच मला सांगितलंत, जेवताना. मी म्हटलं होतं, तो आळशी नाही, दमलाय. तुम्ही म्हणालात, दमलाय तर त्याने सांगायला हवं होतं.”

“मग? सांगायला नको होतं?”

“कुणाला?” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. गुडघे वाजले.

“खरं रीडिंग मी एकच घेतलंय,” ती मग म्हणाली. “मागे बघा.”

मी तक्ता उलटा केला. पाठीमागे कोपऱ्यात पेन्सिलने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: गडहिंग्लज, लॉज. रात्री आठ ते सकाळी सहा. झोप लागली.

“तू प्रवासाने दमली होतीस,” मी म्हणालो.

“प्रवास पाचही गावांचा केला. झोप एकाच ठिकाणी लागली.”

“त्या कलकलाटात?”

“त्या कलकलाटातच,” ती म्हणाली आणि थोडं थांबून बोलत राहिली. ती सलग इतकं बोललेलं मी क्वचितच ऐकलं असेल. “एकतीस वर्षं तुमची शिफ्ट. आठवड्याला बदलणारी. तुम्ही दिवसा झोपायचात. मी कुकरची शिट्टी होऊ दिली नाही. बेलची वायर काढून ठेवली. दारावर चिठ्ठी लावली, वाजवू नका. फोनवर उशी. मृणालला घरात मोजे घालून चालायला शिकवलं. ती दोन वर्षांची असताना पडली, तर तोंडावर स्वतःचाच हात दाबून रडली. मी तिला शिकवलं नव्हतं ते. तिचं ती शिकली. तुम्ही झोपलेले असलात की मी जागी, कुठे काय वाजतंय म्हणून. तुम्ही रात्रपाळीला गेलात तरी मी जागीच, सवयीने. मला वाटायचं, कधी एकदा हे संपतंय.”

आमची मुलगी मृणाल तेव्हा मेलबर्नला होती, तिला स्वतःची दोन मुलं होती. फोनवर ती अजूनही हळू बोलते. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

“इथे पान गळलं तरी मी दचकते आणि तुमच्या खोलीच्या दाराकडे बघते,” कुमुद म्हणाली. “घर छान आहे. डोंगर छान आहे. पण इतकी शांतता असली की ती सांभाळायला कुणीतरी लागतं. ती मीच सांभाळणार. लॉजमध्ये तसं नव्हतं. तिथला आवाज माझ्या हातात नव्हता. कितीही ठरवलं तरी मी स्टँडला गप्प करू शकत नव्हते. मग झोपले.”

“हे मला आधी सांगायचंस ना.”

“तुम्ही जागे असायचात तेव्हा मृणालची शाळा, सामान, बँक. आणि झोपलेले असलात की बोलायचं नाही, हा तर आपल्या घरचा नियम.” ती किंचित हसली. “तुम्हाला धावायचंय, पोहायचंय, पोरांना शिकवायचंय, सगळं करा. त्या देवस्थळींचं ऐकून मलाही भीती वाटली होती. पण मला त्यातलं काही करायचं नाही. मला एकदा झोपायचंय.”

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहितो. आधी राग आला, की माझं सापडलेलं घर ही हिरावून घेतेय. मग वाईट वाटलं, पण तेही माझ्यासाठीच, की एकतीस वर्षं मी कुणाच्यातरी जागेपणावर झोपलो आणि मला कुणी कळू दिलं नाही. तिच्यासाठी वाईट वाटायला बराच वेळ लागला. ते वाटलं, तेव्हा मी उठलो आणि मास्तरांकडे गेलो.

मास्तर खळ्यावर भात वाळवत होते. रेडिओ मोठ्याने लावलेला. मला पाहून त्यांनी तो बंद केला नाही.

“मास्तर, घर आम्हाला नाही जमणार,” मी म्हणालो. “तुम्हाला थांबवून ठेवलं, माफ करा.”

“वैनींस्नी मानवलं न्हाई व्हय?”

“घर मानवलं. शांतता नाही मानवली.”

त्यांनी हातातलं दाताळं भिंतीला टेकवलं. “खरं सांगू का साळवीसाहेब, मनात धरू नका. आमची ही हुती तवर ह्या घरात कसली आलीया शांतता. भांडी आपटायची, म्हशीला शिव्या घालायची, मला बी घालायची. ती गेली आन् मग कळालं, हितं किती गप्प हाय ते. म्हून ह्यो रेडू. दिसभर चालूच.” ते थोडं थांबले. “तुमी रीडिंगाचं म्हनला, तवाच म्या म्हननार हुतो. वैनींस्नी तुमी तोंडानं इचारलंयसा का म्हून. पर म्हनलं, मोटी मानसं हैत, आपन कशाला.”

“विचारलं नव्हतं,” मी म्हणालो.

“आसं हुतंय,” मास्तर म्हणाले आणि आत जाऊन घनसाळ तांदळाची एक पिशवी घेऊन आले. मी नको नको म्हणत होतो, पण ती त्यांनी माझ्या हातात कोंबलीच.

त्याच दुपारच्या गाडीने आम्ही गडहिंग्लजला आलो. लॉजच्या मॅनेजरने आम्हाला ओळखलं. “ह्या टायमाला मागची खोली देतो साहेब, शांत हाय,” तो म्हणाला. 

“रस्त्याकडचीच द्या,” मी म्हणालो. 

कुमुदने माझ्याकडे पाहिलं. खोलीत गेल्यावर तिने बॅगा उघडल्यासुद्धा नाहीत. स्टँडवरून मागवलेली भाजी-भाकरी खाल्ली आणि दिवे लागायच्या सुमारास अंथरुणावर पडली. खाली चंदगडच्या गाडीची घोषणा चालली होती. ती संपायच्या आत कुमुदचा श्वास बदलला.

मला पहाटे साडेपाचला जाग आली, पहिल्या गाडीच्या इंजिनाने. खरं तर झोप अशी लागलीच नव्हती. मी खुर्ची ओढली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला आणि मी जागच्या जागी गोठलो, श्वास रोखून. त्या एका क्षणात मला समजलं, एकतीस वर्षं कशी असतात ते. कुमुद हलली नाही. मी खिशातून तक्ता काढला, उलटा केला आणि तिच्या पेन्सिलीच्या ओळीखाली लिहायला लागलो.

सहा वाजता: झोपलेली. खाली बेळगावची गाडी लागली.

सात वाजता: झोपलेली. दोन ड्रायव्हरांचं जोरात भांडण, नंतर मिटलं.

आठ वाजता: कुशीवर वळली. झोपलेली.

साडेआठला दार वाजलं. मॅनेजर चहाचे दोन पेले घेऊन उभा होता. माझं बोट आपसूक ओठांवर गेलं. मग मी ते खाली घेतलं.

“ठेवा इथे,” मी नेहमीच्या आवाजात म्हणालो.

“वैनी अजून झोपल्याती व्हय?” तोही नेहमीच्याच आवाजात म्हणाला, म्हणजे स्टँडवर बोलतात तेवढ्या मोठ्याने. पलंगावर काही हालचाल झाली नाही. दोन्ही चहा मीच प्यालो.

नऊ वाजता: झोपलेली.

मग मी तक्ता सुलटा केला. तळाशी तीन दिवसांच्या सह्या होत्या. ‘देणार’मध्ये माझ्या, ‘घेणार’मध्ये तिच्या. बॅगेतून बाकीच्या चार गावांचे कागद काढले. तिथेही तेच. पाच गावांत मिळून पंधरा वेळा मी तिला शिफ्ट दिली होती आणि एकदाही परत घेतली नव्हती.

बाहेर घोषणा करणाऱ्या बाईंनी आंबोलीच्या गाडीचं नाव दुसऱ्यांदा घेतलं. मी खिशातून पेन काढलं, ‘घेणार’च्या चौकटीत, तिच्या शेवटच्या सहीखाली जी थोडी जागा उरली होती तिथे सही केली, आणि वेळ लिहिली.